उष्टं वाद्य

मित्रांनो, मी एक जुना क्लॅरिनेट आहे आणि मला किळस फार लवकर येते. स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही. माझं अंग काळ्याभोर लाकडाचं, चाव्या चांदीच्या मुलाम्याच्या. सध्या माझा मुक्काम पिंपरीत, रेल्वे फाटकाजवळच्या वस्तीत, भीमराज आणि कस्तुरा यांच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत. त्यांचा वास मला अजिबात सोसत नाही. पण ज्या वासाची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच्यापुढे डांबराच्या गोळ्या म्हणजे अत्तर समजा.

माझा जन्म परदेशातला. कुठल्याशा थंड गावात एका कारागिराने मला पोखरलं, घासलं, तेल पाजलं आणि बोटीत घालून इकडे धाडलं. मी खडकीच्या पलटणीच्या बँडमध्ये रुजू झालो. तिथली शिस्त कडक होती. वाजवून झालं की माझे पाचही तुकडे वेगळे करायचे, आतून कापड फिरवायचं आणि मखमलीच्या पेटीत झोपवायचं. जगात सगळीकडे असंच चालत असणार, अशी माझी समजूत होती.

मग बासष्ट साल उजाडलं. पलटणीला नवी वाद्यं आली आणि आम्ही जुने लिलावात निघालो. दोन ढोलांबरोबर मला अर्जुनरावांनी घेतलं. अर्जुनराव म्हणजे पिंपरीचे बँडवाले. तेव्हा आजूबाजूला एकेक कंपनी उभी राहत होती, माळरानाला तारेची कुंपणं पडत होती आणि पगार सुरू झालेल्या पोरांची लग्नं धडाधड होत होती. अर्जुनरावांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

त्यांनी मला किसनच्या हातात दिलं. किसन वाजवायचा चांगलं, पण तंबाखू खायचा. आता तुम्हाला थोडं समजावून सांगतो. माझ्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. वाजवणारा ती ओठांत धरतो आणि फुंकतो. फुंकीबरोबर थोडी थुंकीही आत येते, त्याला कुणाचा इलाज नाही. पण किसनची थुंकी तपकिरी होती. ती माझ्या घशातून हळूहळू खाली उतरायची आणि टोकाशी थेंब धरून लोंबायची. दुपारी भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली की हा गडी चूळही न भरता मला तोंडाला लावी. रात्री पुसणं वगैरे काही नाही, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात उभं करायचं. मला ढवळून यायचं, पण क्लॅरिनेटला ओकता येत नाही.

वरातीतली पोरं तर अस्सल वात्रट. आमच्यासमोर ओळीने उभी राहून ती चिंच चोखायची, मिटक्या मारायची, डोळे बारीक करायची. ते बघून किसनच्या तोंडाला पाणी सुटे आणि ते सगळं माझ्यात उतरे. सूर फाटला की पोरं खूष. नवरदेवसुद्धा हसायचा.

बँडवाला कधी बसून वाजवत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? तो चालत वाजवतो, नाहीतर उभ्याने. वरात मांडवात शिरली की बँड बाहेर थांबतो. आतल्या पंगती उठायच्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर पडायच्या, कुत्री जमायची आणि मग कुणीतरी हाक मारायचं, "ए, बँडवाल्यांना बसवा रे." बसवायचे ते त्याच पत्रावळींच्या शेजारी. तिथली घाण बघून मला किसनची तंबाखूही बरी वाटायची.

किसनचे पुढचे दात पडले तेव्हा तो ढोलकीवर गेला आणि माझी सुटका झाली. त्याच्या जागी भीमराज आला.

भीमराज पिंपरीतल्या एका औषधाच्या कंपनीत कामाला होता. ज्या खात्यात बाटल्या उकळून निर्जंतुक करतात, त्या खात्यात. तिथे शिरताना कोपरापर्यंत हात धुवायचे, पांढरा डगला घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं. ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की बँडच्या खोलीत आल्यावर त्याने पहिल्यांदा मला हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मला तेव्हाच तो आवडला. घरी नेऊन त्याने माझ्या चाव्या सोडवल्या, लाकडाला तेल लावलं, चाव्यांखालच्या कुजक्या गाद्या काढून नव्या बसवल्या. कस्तुराने आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून त्याला दोरी शिवली. वाजवून झालं की ती दोरी माझ्यातून ओढायची, की आतून मी कोरडा. वाजवण्याआधी भीमराज कोमट पाण्याने चूळ भरायचा. त्याच्या थुंकीची मला किळस आली नाही असं मी म्हणणार नाही, कारण थुंकी ती थुंकीच. पण ती स्वच्छ होती आणि तिच्यामागे फुंकर फार सुंदर होती.

एकदा चिंचवडात लग्न होतं. वरात एका घरासमोर थांबली असताना भीमराजने सिनेमाच्या गाण्यात एक सूर घसरवला. बोट भोकावरून एकदम न उचलता हळूहळू सरकवलं आणि सूर वाकत वाकत दुसऱ्या सुरात गेला. घराच्या ओसरीवर सुमनताई उभ्या होत्या. शाळेत गाणं शिकवायच्या, करारी बाई. त्या सरळ रस्त्यात उतरल्या आणि भीमराजला म्हणाल्या, "तो गंधार तुम्ही असा कसा घसरवलात?"

"बोट सरकवलं, ताई. चुकलं का?"

"चुकलं असतं तर मी खाली कशाला आले असते? रविवारी या."

मग दर रविवारी आम्ही सुमनताईंच्या ओसरीवर जाऊ लागलो. त्या गात आणि भीमराज मला घेऊन त्यांच्या मागे मागे जाई. जोग नावाचा राग त्यांनी त्याला दिला. या रागात गंधार दोन असतात, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. माझी भोकं उघडी असल्यामुळे या गंधारातून त्या गंधारात घसरायला मला मजा यायची. ताई चहा द्यायच्या तो आपल्याच कपबशीतला. मला ते बघून बरं वाटायचं.

दुसरा माणूस इनास. तो भीमराजच्या कंपनीत स्टोअरकीपर होता, मूळचा गोव्याचा, राहायला खडकीत. तरुणपणी तो मुंबईच्या हॉटेलांत गिटार वाजवायचा. पुढे हॉटेलांतली गर्दी हटली, बँड मोडले आणि हा नट-बोल्टांच्या कपाटांत येऊन पडला. त्याच्या घरी जाझच्या तबकड्या होत्या. भीमराजला त्या ऐकवताना तो म्हणाला, "आमच्यात काय करतात बाबा, धून सगळ्यांनी मिळून वाजवायची. मग एकेकाने आपलं म्हणणं मांडायचं. लिहिलेलं काय नसतं. जे त्या वेळेला सुचेल ते."

"आमच्या बापाच्या जलशात असंच व्हतं," भीमराज म्हणाला. "कडी संपली की ढोलकीवाला आपलं बोलून घ्यायचा. मग गाणारा त्याला जबाब द्यायचा."

मग त्याने जोग वाजवून दाखवला. दोन गंधार एकापाठोपाठ आले तसा इनास खुर्चीतून उठलाच. "अरे, हे आमचं ब्लूज आहे, काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं. तुझ्या ताईकडे कुठून आलं?"

तिथून पुढे भीमराजला दुसरं काही सुचेना. कंपनीतलं बाटल्या धुण्याचं यंत्र सात मात्रांत ठोके द्यायचं, ते त्याने किसनच्या ढोलकीला दिलं. इनासच्या गिटारीला मोकळी जागा ठेवली. माझ्यासाठी त्याने जोगातली एक छोटी धून बांधली आणि तिच्यापुढचा सगळा रस्ता उघडा सोडला. दर वेळी आम्ही नव्याने चालायचो. त्या रचनेला तो 'दोन गंधार' म्हणायचा. ती पुरी व्हायला वर्षं गेली. शिफ्ट, ओव्हरटाइम, वराती, आणि उरलेल्या वेळात ही रचना. एकदा त्याने ती वरातीत थोडी वाजवून पाहिली, तर अर्जुनराव पुढून ओरडले, "भीमराज, वरात झोपंल राव. नाचायचं काहीतरी लाव." त्याने लगेच नाचायचं लावलं. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला पुसता पुसता तो कस्तुराला म्हणाला, "एकदा बसून वाजवायचंय. ऐकणारीबी बसलेली पायजेत. मग बँड सुटला तरी चालंल."

चिंचवडात एक संगीत मंडळ होतं. दसऱ्याला तिथे वाद्यांची पूजा व्हायची आणि मग गाणं-बजावणं. मंडळाचे चिटणीस अण्णासाहेब. गोरे, नीटनेटके, बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला नकार दिलाय हे घरी पोचल्यावर कळावं. भीमराजला तिथे वाजवायला बसवा म्हणून सुमनताई त्यांच्या मागे लागल्या. एका वर्षी कार्यक्रम आधीच ठरला होता, एका वर्षी तबलजी परगावी होता, एका वर्षी आणखी काही. शेवटी ताई म्हणाल्या की भीमराजला बसवणार नसाल तर मीही गाणार नाही. तेव्हा अण्णासाहेब हसून म्हणाले, "अहो, बसवू की. कलेला कुठं जातपात असते?"

ठरवायला त्यांनी बोलावलं तेव्हा भीमराजने एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. "अण्णासाहेब, माझं वाद्य पूजंला ठेवणार न्हाई. आमच्यात पूजा करत न्हाईत."

"तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे," अण्णासाहेब म्हणाले. "तुमचं वाद्य बाजूला राहू द्या."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी वस्तीतल्या विहारात धम्मदीक्षेचा दिवस साजरा झाला. भीमराज तिथे वंदनेला वाजवून आला. दिवेलागणीला आम्ही चिंचवडला पोचलो. कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. कस्तुरा विहारातली पांढरी साडी नेसूनच आली होती, ती बायकांत जाऊन बसली. मागच्या वर्गात भीमराजने मला जोडून, रीड ओली करून, माझ्यासाठी करून घेतलेल्या लांब पेटीत नीट ठेवलं आणि तो, इनास आणि किसन चहा घ्यायला बाहेर गेले. स्टेजवर पूजा चालली होती. तंबोरा, तबला, हार्मोनियम, इनासची गिटारसुद्धा पाटावर मांडली होती. फुलं, अक्षता, उदबत्ती. तो वास मला बरा वाटला.

तेवढ्यात अण्णासाहेब आत आले. मागे त्यांच्या पत्नी सुभद्राबाई, हातात तांब्याचं भांडं आणि पळी. अण्णासाहेबांनी माझ्या पेटीचं झाकण उघडलं. बोट लावलं नाही, हातरुमाल घेऊन उघडलं.

"अहो, लाकूड आहे ते. फुगेल," सुभद्राबाई म्हणाल्या.

"पळीभराने काय होतंय? उष्टं वाद्य आहे. वरातीत, मयताला, कुठं कुठं वाजलेलं. बैठकीवर तसंच कसं न्यायचं?"

"त्यांना विचारायचं तरी होतं."

"विचारलं तर वाईट वाटून घेतील. न सांगता झालं की कुणालाच त्रास नाही."

आणि मित्रांनो, त्या भल्या माणसाने माझ्यावर गोमूत्र ओतलं. एक पळी चाव्यांवर, एक मधल्या तुकड्यावर, मग भोकांतून आत जावं म्हणून आणखी. तोंडावरही टाकलं, रीडवर. किसनची तंबाखू, लसूण, चिंचेची लाळ, गोणपाटातला कुबट वास, सगळं मी सोसलं होतं. पण ती माणसांच्या पोटातून, भुकेतून आलेली घाण होती. कुणी ती मला स्वच्छ करायला म्हणून आणली नव्हती. एका जनावराचं मूत एका माणसाच्या तोंडापेक्षा पवित्र ठरवून ते शांतपणे माझ्या अंगावर सोडलं जात होतं, आणि सोडणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. अण्णासाहेबांनी झाकण लावलं, रुमाल भांड्यावर टाकला आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

आमचं नाव पुकारलं. स्टेजवर पांढरीशुभ्र चादर होती, मागे लोड होते. भीमराज मांडी घालून बसला. एवढ्या वर्षांत लोकांसमोर मी त्याच्या हातात असा पहिल्यांदाच आडवा झालो, त्याच्या मांडीवर. सुमनताई तंबोरा घेऊन मागे बसल्या. इनासने गिटार जुळवली, किसनने ढोलकी पुढे ओढली. भीमराजने मला ओठांजवळ नेलं आणि थांबला.

त्याला वास आला. खेड्यात वाढलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. त्याने मला जरा लांब धरलं, चाव्यांवरून बोट फिरवलं, बोट हुंगलं. मग त्याने समोर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "जरा थांबायला लागंल. माझ्या वाद्यावर कुणीतरी गोमूत्र टाकलंय. ते पुसल्याबिगर मी तोंडाला लावणार न्हाई."

अण्णासाहेब उठले. "अहो भीमराज, ते घाण नव्हे. पवित्र असतं. आपल्या चांगल्यासाठीच."

"आसंल, अण्णासाहेब. पण मी औषधाच्या कंपनीत हाय. न उकळलेलं काही मी तोंडाला लावत न्हाई. एक तांब्या कढत पाणी मिळंल का?"

सुमनताईंनी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला. "अण्णासाहेब, गेल्या वर्षी इथं बासरी झाली. तीही तोंडानेच वाजवतात. तेव्हा हे भांडं कुठं होतं?"

"तो विषय वेगळा आहे, सुमनताई," अण्णासाहेब म्हणाले आणि खाली बसले. तो विषय का वेगळा, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारलंही कुणी नाही. सगळ्यांना ते माहीत होतं. इतकी माणसं, धुतलेल्या कपड्यांतली, अत्तर लावून आलेली, आणि प्रत्येकजण कुठेतरी छताकडे बघत होता. मला त्यांचीही किळस आली.

कस्तुरा बायकांतून उठून स्टेजशी आली होती. "अवं, उठा," ती म्हणाली. "चला घरी. ह्यांच्यात न्हाई बसायचं."

भीमराजने तिच्याकडे पाहिलं. मग त्या चादरीकडे. "उठलो तर काय म्हणतील ठावं हाय? बँडवाल्याला बसता आलं न्हाई. बस तू. मी आज बसूनच वाजवणार."

ती तिथेच स्टेजच्या कडेला बसली. परत बायकांत गेली नाही.

सुभद्राबाई स्वतः कढत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मान खाली होती. भीमराजने त्या पांढऱ्या चादरीवर माझे पाचही तुकडे वेगळे केले. कस्तुराने कमरेला खोचलेलं कापड काढून दिलं. त्याने तोंडाचा तुकडा धुतला, नवी रीड बांधली, माझ्यातून कापड पुन्हा पुन्हा ओढलं. इनासने सिगारेटचे पातळ कागद काढले आणि एकेका चावीखाली दाबून गाद्या टिपून घेतल्या. सगळे श्रोते बघत होते. कुणी उठून गेलं नाही, हेही खरं सांगायला हवं.

मग आम्ही वाजलो. पण माझ्या दोन गाद्या फुगल्या होत्या. धून सुरू झाली आणि कोमल गंधारावरून उतरताना माझ्या घशात गुडगुड झाली. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मला वाटलं, संपलं. भीमराजने मात्र परत तिथेच जाऊन ती गुडगुड मुद्दाम केली, मग आणखी एकदा, सातव्या मात्रेवर आणून. इनासने गिटारीवर तसाच एक कुजका आवाज काढून तिला जबाब दिला. किसनने ढोलकीच्या शाईवर अंगठा घासला. जी घाण माझ्यात ओतली होती तीच भीमराज सुरात घेऊन लोकांपुढे ठेवत होता, आणि ती ऐकल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. मग हळूहळू तो वर चढला, जिथे फुगलेल्या गाद्यांची गरज पडत नाही तिथे, उघड्या भोकांवर, आणि दोन्ही गंधार एकमेकांत असे घसरले की सुमनताईंच्या तोंडून नकळत "आह" गेलं. असं आम्ही त्याआधी कधी वाजलो नव्हतो आणि त्यानंतरही नाही. संपलं तेव्हा टाळ्या बराच वेळ थांबेनात.

कार्यक्रमानंतर अण्णासाहेब आपट्याची पानं वाटत होते. भीमराजपाशी आले, हसले, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणाले, आणि पानं वरून त्याच्या तळहातावर सोडली. शेजारी उभ्या असलेल्या कुणालातरी ते म्हणाले, "ऐकलंत ना? वरातीतलं वाद्य, पण आज काय सूर लागला. शुद्धी केल्याशिवाय असं होत नाही."

मित्रांनो, मी ते ऐकलं. भीमराजनेही ऐकलं. वर्षानुवर्षं यंत्राच्या ठोक्यावर जुळवलेली रचना, ताईंचा जोग, इनासचं ब्लूज, बापाचा जलसा, सगळं त्या माणसाने एका वाक्यात गाईच्या नावावर करून टाकलं. घरी जाताना कस्तुरा एवढंच म्हणाली, "मी म्हटलं व्हतं, उठा." उठून जायला हवं होतं का, हे भीमराज पुढे कित्येक दिवस स्वतःला विचारत होता. मला पुसताना तो मध्येच थांबायचा, तेव्हा मला कळायचं.

त्या थंडीत माझं लाकूड तडकलं. ओलं झालेलं, मग गारठ्यात सुकलेलं. मधल्या तुकड्यावर केसासारखी चीर गेली आणि ती रोज वाढली. भीमराजने मेण भरलं, दोरा गुंडाळला, पण हवा निसटायची ती निसटायचीच. गंधार तर दोन्ही गेले.

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी अण्णासाहेब वस्तीत आले. भीमराजने खुर्ची दिली. ते रुमाल टाकून तिच्यावर बसले. कस्तुराने चहा पुढे केला, तर म्हणाले, "मी चहा सोडलाय हो." मग आपला मऊ आवाज काढून ते म्हणाले, "यंदाही तुम्ही यायचं. लोक विचारतात. आणि मागच्या वेळी तुमच्या मनाला लागलं असेल, म्हणून मंडळाने ठरवलंय, यंदा बाहेरून येणाऱ्या सगळ्यांच्याच वाद्यांची शुद्धी करायची. म्हणजे तुम्हाला वेगळं वाटायला नको."

भीमराज उठला, ट्रंकेतून मला काढलं आणि माझी चीर त्यांच्यापुढे धरली. "ही तुमची शुद्धी."

अण्णासाहेबांनी जरा पुढे वाकून पाहिलं, हात मात्र मागे ठेवले. "लाकूडच जुनं असेल," ते म्हणाले.

"अण्णासाहेब, आमच्या खात्यात बाहेरचा माणूस आत घ्यायचा तर आधी त्याला धुऊन घ्यावं लागतं. माझं ऐकायचं असंल तर आता तुमी वस्तीत यायचं. मी दारात कढत पाणी ठेवतो. हात धुवा आणि खुशाल बसा."

अण्णासाहेबांना वाटलं हा विनोद आहे. ते हसले आणि रुमाल घडी करून निघून गेले. त्यांच्यासाठी केलेला चहा कस्तुराने उचलला आणि दारात उभी राहून, त्यांची पाठ दिसत होती तोवर, सावकाश पिऊन टाकला.

अण्णासाहेबांची ती पद्धत मंडळात अजून चालू आहे, असं सुमनताई सांगतात. तंबोरा घेऊन त्या आता तिकडे जात नाहीत. भीमराजने पुढे नवा क्लॅरिनेट घेतला. महिन्यातून एकदा विहाराच्या ओट्यावर सतरंजी अंथरून तो, इनास आणि किसन बसतात. ऐकणारीही बसतात, कंपनीतून सुटलेली माणसं, बाया, म्हातारे. दारात खरंच पाण्याची बादली असते. मी ट्रंकेतून ऐकतो. नवा गडी बरा वाजतो, फक्त घसरताना जरा घाई करतो.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एवढंच मागतो. वाद्य तोंडाला लावायचं असेल तर आधी चूळ भरा. वाजवून झालं की आतून कापड फिरवा, गाद्या टिपा, गारठ्यात उघडं टाकू नका. कुणाच्या थुंकीने वाद्य मरत नाही, मी नाकं मुरडत मुरडत तिच्यावरच जगलो. पण कुणी हातात तांब्याचं भांडं घेऊन, हसतमुखाने, तुमच्या चांगल्यासाठी म्हणत त्याच्याजवळ आलं, तर पेटीला कुलूप लावा आणि किल्ली त्याच्या हाती देऊ नका.